शिवकन्येचे अठरा हजार

माकणीत शिवकन्येचा पगार ठाऊक नाही असा माणूस सापडणं अवघड. तलाठ्याला किती मिळतात ते कुणी सांगू शकणार नाही, पण सोमलिंगअप्पांच्या पोरीला धाराशिवच्या खासगी दवाखान्यात महिन्याला अठरा हजार मिळतात, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याला कारण अप्पाच. आपल्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ते पिठासोबत हा आकडाही बांधून देत.

आकडा खोटा होता. मिळत होते नऊ.

शिवकन्या मुळात खोटं बोलणारी नव्हे. आई लहानपणीच गेली, अप्पांनी एकट्यानं वाढवलं. एएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, दोन वर्षांसाठी त्यांनी पतसंस्थेतून एक लाख नव्वद हजार काढले आणि शेजारच्या धुरपदामावशीनं, स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना, जामीन म्हणून अंगठा दिला. कॉलेजच्या रंगीत पत्रकावर ‘सुरुवातीचा पगार अठरा हजार’ असं छापलेलं होतं. अप्पांनी ते गिरणीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं, म्हणजे आता निघायची सोय नाही.

नोकरी लागली आणि पहिल्याच वेळ अमावस्येला, शेतात जेवायच्या सणाला, ती घरी आली. मावशीच्या शेतात पंगत बसली होती, आंबिलीचे तांबे फिरत होते. कुणीतरी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, पगार किती पडतो?" आपल्याकडं हा प्रश्न विचारायला कुणाला लाज वाटत नाही. अप्पा हातातला घास तसाच धरून तिच्याकडं बघत राहिले. तिच्या तोंडून भिंतीवरचा आकडा निघून गेला.

तेव्हा तिला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत पगार वाढेल आणि खोटं आपोआप खरं होऊन जाईल. पगाराला तशी काही घाई नव्हती. साडेचार हजारांचा हप्ता ती न चुकता पाठवायची आणि उरलेल्या साडेचार हजारांत खोलीचं भाडं नि जेवण बसवायची. बाकीच्या पैशाचं काय करतेस असं अप्पांनी विचारलं, की "पोस्टात टाकते" म्हणायची. अप्पांचा तेवढ्यावर विश्वास बसायचा, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं. कसब मात्र तिच्या हातात होतं. सुकलेल्या म्हाताऱ्यांची नस तिला पहिल्या टोचणीत सापडे. तेवढं एक खरं होतं.

ऑगस्टमध्ये मावशीचा निरोप आला. तिची लेक सृष्टी बारावी झाली होती आणि तिलाही त्याच कॉलेजात जायचं होतं. "रविवारी ये आन हिशेब तेवढा मांडून दे. तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

रविवारी दुपारी लाईट गेली होती, गिरणी बंद होती. गिरणीच्या ओट्यावर मावशी, सृष्टी आणि शिवकन्या वही घेऊन बसल्या. अप्पा आत जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होते.

"फी, हॉस्टेल, परीक्षा, समदं धरून दोन लाख," मावशी म्हणाली. "दोनी म्हशी इकून दीड येत्यात. उद्या सकाळी येपारी टेंपो घिऊन येतोय. ऱ्हायलेलं पन्नास पतसंस्थेचं. आता तुझा पगार लिही खाली, शिकल्यावर हिलाबी तेवढाच पडंल."

शिवकन्येनं अठरा लिहिले. हिशेब लख्ख जमला. सृष्टीला नोकरी लागली की पन्नास हजार सहा महिन्यांत फिटत होते, वर्षा-दीड वर्षात म्हशी परत दावणीला येत होत्या. सृष्टीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "ताई, मी बी तुझ्याच दवाखान्यात येणार!"

शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं उगाच विचारलं, "मावशी, म्हशी म्हैन्याला किती देत्यात?"

"चारा-पेंड जाऊन धा हजार कुटं जात न्हाईत."

दहा हजार. तिच्या हातातला पेन थांबला.

"मावशी, म्हशी इकू नका. मला अठरा मिळत न्हाईत. नऊ मिळतात."

मावशी आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "व्हय गं? तुझं भागलं, आता माझ्या लेकरानं शिकू ने? तुझ्या कर्जाला म्या अंगठा दिला तवा असं इच्यारलं व्हतं का?"

शिवकन्येनं मोबाईल काढला, बँकेचे मेसेज उघडले आणि सृष्टीच्या हातात दिला. "तूच वाचून दाखव."

सृष्टीनं वाचलं. जून, नऊ हजार. जुलै, नऊ हजार. ऑगस्ट, आठ हजार सातशे. एक खाडा झाला होता. तिचा आवाज दर महिन्याला बारीक होत गेला.

मावशीनं वही मिटली. "म्हंजी माझ्या म्हशीला तुझ्यापरीस जास्ती पगार हाय," ती म्हणाली. बोलली थट्टेचंच, पण हसली नाही. "आन ह्या पोरीला सांगू काय आता?" सृष्टी तोंड फिरवून रडत होती. खरं बोलून मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. शिवकन्येला तसं काहीही वाटलं नाही. एका पोरीचं स्वप्न आपण आधी फुगवलं आणि आपणच फोडलं, एवढंच तिला दिसत होतं.

आत टाकीचा आवाज केव्हाच थांबला होता. अप्पा दारात उभे होते, भुवयांपर्यंत पिठानं माखलेले. तिनं मान खाली घातली. आता ते खोट्याबद्दल बोलतील, गावात होणाऱ्या हशाबद्दल बोलतील, मारलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

अप्पा बोटांवर काहीतरी मोजत होते.

"नवातलं साडेचार हिकडं धाडलंस," ते हळू म्हणाले. "खोलीचं भाडं दोन सांगितलं व्हतंस." बोटं थांबली. "मग तू खात काय व्हतीस, बाळा?"

ह्या एका प्रश्नाला तरी खोटं सांगावं, असं तिच्या फार मनात होतं. पण तिला एकही आकडा सुचला नाही.