पाकीट मी चुलीत घातलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आम्ही हिंगोलीकडचे. तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत नवऱ्याला काम लागलं आणि शेजारच्या आंबी गावात घरमालकीण मावशींनी खोली दिली. नुसती खोली? पहिला महिनाभर भाकरीसुद्धा त्यांच्याच चुलीवरची खाल्ली आम्ही. अशा बाईशी मी खोटं बोलले.

मावशींना गोठ्यात गोचीड चावली, तेव्हापासून मटण खाल्लं की अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी मटण बंद केलं. दूधही सोसेना, म्हणून दुधाची पावडर घातलेलंही बंद. पुड्यावरचं वाचल्याशिवाय काही खायचं नाही, म्हणाले.

"तू धावी शिकलीस न्हवं? मग तूच वाचत जा बाई. आमच्या सूनबाईला लय घाई."

मी मावशींना बरं म्हणाले. शाळा मी पाचवीत सोडलेली — पण खोली मागताना दहावी सांगून बसले होते. आता मागं कशी घेऊ?

मग पुडा उलटा करायचा, बारीक इंग्रजीवरून बोट फिरवायचं, आणि बघायचा फक्त हिरवा ठिपका. हिरवा, म्हणजे मांस नाही. पण दूध? दुधालाही हिरवाच असतो, हे माहीत नव्हतं का मला? — होतं. दुधाच्या पिशवीवर रोज दिसायचा.

एका सकाळी त्यांनी सूपचं पाकीट पुढं केलं. "चालंल का गं?"

"चालेल मावशी. वाचलंय मी."

दुपारी त्यांचे ओठ सुजले, श्वास घेता येईना. मुलानं रिक्षात घालून तळेगावला नेलं. मी मागं राहिले. पहिलं काय केलं? केरातून पाकीट काढलं आणि चुलीत घातलं.

तिकडं डॉक्टरांनी तेच मागितलं — काय खाल्लं ते बघायला.

मावशी वाचल्या. पण घरी आल्यावर मुलानं बायकोला धरलं. "दुधाच्या चहाच्याच पातेल्यात केलंस ना सूप? आईच्या जिवावर उठलीस व्हय?"

"घासलं हुतं वो मी," सूनबाई म्हणाली. मग हळूच, "र्‍हायलं आसंल काय तरी."

मी तिथंच उभी होते.

आता मी पुड्यातलं काहीच खाऊ देत नाही मावशींना. त्या शेजारणींना सांगतात, "हिला किती काळजी माजी!" सूनबाईच्या हातचा चहा त्या घेत नाहीत. माझ्या हातचा घेतात, कोरा. सूनबाई दारात उभी राहून बघते — आणि मी करून देते.