दोन डावे जबडे

बाई ड्रॉइंगच्या. लग्नाआधीपासून त्याच शाळेत, त्याच वर्गात. मुलं पाठीमागे त्यांना 'कंपास' म्हणत. एक पाय फळ्यापाशी रोवून त्या अख्ख्या वर्गाला गोल फिरवतात, म्हणून. मोकळ्या हाताने मारलेली त्यांची रेघ पट्टी लावून तपासली तरी वाकडी निघत नसे. हे बाईंना ठाऊक होतं. शाळेलाही ठाऊक होतं.

त्यामुळे अभियांत्रिकीची तोंडओळख करून देणारा नवा अभ्यासक्रम आला तेव्हा हेडसरांनी दुसरं नाव मनातही आणलं नाही.

"प्रशिक्षण घेऊन या, बाई. प्रमाणपत्र मिळालं की वर्ग तुमचा. नाही तर बाहेरून माणूस आणावा लागेल. जुनं ड्रॉइंग यंदापासून बंद होतंय."

"मिळेल की," बाई म्हणाल्या.

प्रशिक्षण सुट्टीत, तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत होतं. लांब टेबलं, टेबलांवर संगणक, आणि कोपऱ्यात एक काचेची पेटी. त्या पेटीतलं यंत्र प्लॅस्टिकचा दोरा वितळवून थरावर थर चढवी आणि पडद्यावरची वस्तू खरी करून हातात देई. शिकवणाऱ्या मॅडम बाईंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे तुम्ही शिक्षक नाही. जे मुलांकडून करून घ्यायचं, ते आधी स्वतः करायचं. अडलं की विचारायचं."

सगळे हसले. विचारलं कुणीच नाही. खोलीभर शिक्षक, आणि चार शिक्षकांत 'मला कळलं नाही' म्हणायचं? त्यापेक्षा मूग गिळलेले बरे. मॅडमनी "समजलं?" म्हटलं की सगळ्या माना नंदीबैलासारख्या हलत. सगळ्यात आधी बाईंची.

बाईंना काहीच समजलं नव्हतं. कागदावरची वस्तू जागची हलत नाही. पडद्यावरची माउसला बोट लागताच कोलांटी खाई आणि पोट वर करून पडे. बाई तिला सरळ करायला जात, ती आणखी वाकडी होई. चहाच्या वेळी लोक म्हणत, "बाई, तुम्हाला काय, तुमचं तर हे रोजचं." बाई हसत. एकदा हसल्यावर मग खरं सांगायला तोंड उरत नसे.

घरीही तेच. मुलगी एका कारखान्यात असलीच डिझाइनं करायची. ती म्हणाली, "आई, शेजारी बसू का थोडा वेळ?"

"तू मला शिकवणार? पेन्सिल धरायला कुणी शिकवलं तुला?"

"राहू दे गं," बाईंचे यजमान पेपरामागून म्हणाले. "झाकली मूठ आहे, झाकलेलीच बरी."

बाईंनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. माणूस चेष्टेत बोलला होता. पण बाईंचे कान तापले.

शेवटचं काम जोडीने करायचं होतं. वस्तू उचलणारा एक छोटा पंजा. त्याला दोन जबडे, डावा आणि उजवा. एकाने डावा करायचा, दुसऱ्याने उजवा, मग जोडून दाखवायचा. बाईंच्या जोडीला भौतिकशास्त्राचे एक तरुण सर होते. दुसऱ्या शाळेतले, कंत्राटी. सुट्टीनंतर कायम होण्याची आशा होती, आणि ती इथल्या शेऱ्यावर अवलंबून होती. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, डबा खाताना, हसत हसत.

सरांनी डावा जबडा करून ठेवला आणि ते चहाला गेले. बाई उजव्यासमोर बसून राहिल्या. पडदा पांढरा होता. मग त्यांनी सरांच्या डाव्याची प्रत काढली. एवढं त्यांना येत होतं. ती पालथी केली. वरून पाहिल्यावर हुबेहूब उजवा दिसला. त्यांनी त्याला आपलं नाव दिलं आणि यंत्रावर पाठवून दिला.

कागदावर ही चूक त्यांच्या हातून जन्मात झाली नसती. जबड्याच्या वरच्या अंगाला स्क्रूचं डोकं बसायला खड्डा होता. जबडा पालथा केला की खड्डा खाली जातो. डाव्या हाताचा मोजा पालथा घातला म्हणून तो उजव्याचा होत नाही. तळव्याची बाजू वर येते, एवढंच. आठवीतल्या पोरांना बाई हेच समजावत असत.

दुपारी मॅडम टेबलापाशी आल्या. पंजा जोडताना उजवा बसेना. मॅडमनी दोन्ही जबडे उचलले, एकावर एक ठेवले. कडेला कड लागली. खड्ड्यावर खड्डा आला.

"हे दोन्ही डावे आहेत," त्या म्हणाल्या. "उजवा कुणाकडे होता?"

बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

"चूक माझी, मॅडम," सर म्हणाले. "बाईंनी फाइल माझ्याकडे दिली होती. मी घाईत माझीच दोनदा पाठवली."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. "यंत्रावर पाठवण्याआधी एकदा बघायचं असतं, सर. मुलांच्या हाती यंत्र देणार आहात तुम्ही. मला हे शेऱ्यात लिहावं लागेल." मग बाईंकडे वळताना त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचा उजवा उद्या सकाळी छापून घेऊ, बाई."

"हो," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या.

सगळे गेल्यावर सरांनी खुर्ची ओढली. माउसने कुठेतरी दोनदा टिचकी मारली. पडद्यावर डाव्याचा उजवा झाला, आरशात व्हावा तसा.

"झालं, बाई. घ्या तुमची फाइल."

"तुमचा शेरा?"

"एका वाक्याने कुठे आभाळ कोसळतंय?" सर म्हणाले. पण ते बाईंकडे न बघता म्हणाले.

त्या दोन टिचक्या कुठे मारल्या, हे बाईंनी तेव्हाही विचारलं नाही. घरी जाईपर्यंत त्यांना त्याचीच जास्त लाज वाटली. पोराच्या पोटावर पाय आला होता आणि आपण अजून शहाण्याचं सोंग सोडत नव्हतो. मुलीने विचारलं, "झाला का पंजा?" बाई म्हणाल्या, "झाला." रात्री कूस बदलताना यजमानांनी विचारलं, "काय गं, दुखतंय का काही?" बाई म्हणाल्या, "नाही."

सकाळी उजवा छापून आला. पंजा जोडला. तो उघडला, मिटला, टेबलावरचा खडू त्याने अलगद उचलला. मॅडमनी तो हातात धरून सगळ्यांना दाखवला.

"हा बाईंचा जबडा बघा. मुरलेला हात लगेच कळतो. बाई, पुढे या. कसा केलात, यांना दाखवा."

टाळ्या पडल्या. बाई उठल्या. संगणकापर्यंत चालत गेल्या. माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. "हा सरांनी केला. काल त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं. त्यांचा डावा मी चोरला आणि पालथा करून पाठवला."

मॅडमनी हातातला पंजा पुन्हा पाहिला.

"मग तुमचा कुठला?" मॅडमनी विचारलं.

"माझा नाहीच. मला पहिल्या दिवसापासून काही येत नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्याला वाटलं असावं की बाई गंमत करतायत. मग त्यालाही कळलं. मॅडमनी पंजा खाली ठेवला. "मला प्रमाणपत्र देता येणार नाही, बाई," त्या म्हणाल्या. "हो," बाई म्हणाल्या. कालच्यासारखंच. मग त्या जागेवर जाऊन बसल्या.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली गेली. सरांनाही मिळालं. शेऱ्यातली ओळ मॅडमनी खोडली होती. मग सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. काढायला कुणीतरी हवं होतं. बाई पुढे झाल्या. "जरा जवळ सरका," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणत तशा. लोक सरकले. बाईंच्या डोळ्याला डोळा मात्र कुणी भिडवला नाही.

सर दारापाशी भेटले.

"आधी माझ्याशी बोलायला हवं होतं, बाई. सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंत. मॅडम आता माझ्याकडे कसं बघतात, पाहिलंत?"

"चुकलंच माझं. दोन्ही दिवशी चुकलं."

सर पायऱ्यांकडे वळले.

"त्या दोन टिचक्या," बाई म्हणाल्या, "दाखवता का?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "मी नको. मॅडमना विचारा." आणि ते पायऱ्या उतरून गेले.

बाई परत फिरल्या. मॅडम संगणकांच्या वायरी गुंडाळत होत्या. बाई टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या. मॅडमचं लक्ष जाईना. बाईंनी घसा खाकरला नाही की हाक मारली नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या तशाच थांबल्या.

मॅडमनी मान वर केली. "काय, बाई?"

"सोमवारी हेडसरांना सांगणार आहे. वर्ग जाईल," बाई म्हणाल्या. "पण मला माउस धरण्यापासून सांगाल का?"

मॅडमनी हातातली वायर पाहिली. मग त्या तिची गुंडाळी सोडवायला लागल्या.