मधल्या कप्प्यातले तीनशे किलो

नागेश मेस्त्रीला सूड उगवायला सात वर्षं लागली. त्यातली पहिली तीन वर्षं तर आपल्याला कुणावर सूड उगवायचा आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

नागेश देवगडकडचा. दहावी पास, गणितात पक्का. १९९१ साली तो उत्तरेकडच्या एका अमिरातीतल्या लहानशा विमानतळावर लोडर म्हणून लागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उघडे डोंगर आणि बाहेरच्या रस्त्यावर रास अल खैमाकडून येणारे सिमेंटचे ट्रक. हिवाळ्यात इथं युरोपातले सुट्टीवाले यायचे. उन्हाळाभर भूमध्य समुद्रातल्या बेटांवर माणसं नेऊन सोडणारी विमानं ऑक्टोबर लागला की इकडे वळत. गोरी माणसं उतरायची ती थेट हॉटेलांच्या किनाऱ्यावर जाऊन पडायची आणि पंधरा दिवसांनी टोमॅटोसारखी लाल होऊन परत जायची. आपल्या माणसांसाठी आठवड्यातून दोनदा मुंबईचं विमान होतं.

विमानांवर सामान चढवणाऱ्या कंपनीत शैलेंद्र पोतनीस ड्यूटी सुपरवायझर होते. पुण्याचे, कडक इस्त्रीचे, बायको साधना आणि मुलगी इरा यांच्यासह कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहणारे. मे १९९४ मध्ये मुंबईच्या विमानात टॅग नसलेलं एक मोठं खोकं सापडलं. मॅनेजर खैरुद्दीन यांनी सगळ्या लोडरांना उभं करून विचारलं, "हे कुणाचं?" सगळे बुटांकडे बघत राहिले. नागेशनं सरळ सांगून टाकलं, "पोतनीस साहेबांचं. त्यांनीच चढवायला सांगितलं."

पोतनीसांना लेखी समज मिळाली. दुसऱ्या दिवशी ते नागेशजवळ येऊन हसत म्हणाले, "मेस्त्री, तुझं तोंड फार स्वच्छ आहे रे. जपून वापरत जा."

महिन्याभरानं, १६ जूनला गावाहून फोन आला. आई, सगुणा, आता एखाद-दोन दिवसांची सोबती होती. शुद्धीत होती आणि नागेशला विचारत होती. नागेशनं धावपळ करून स्टाफचं तिकीट मिळवलं. या तिकिटाचा नियम असा, की विमानात जागा आणि वजनाला वाव असला तरच बसायचं, नाहीतर खाली राहायचं. त्या दिवशी जागा होती. नवा शर्ट घालून नागेश मागच्या रांगेत बसला, पट्टाही बांधला. दार लागणार एवढ्यात पोतनीस वर आले.

"मेस्त्री, चल, उतर. वजन जास्त झालंय."

"साहेब, आई सीरियस आहे."

"मग काय करू? एका माणसासाठी विमान पाडू? चार दिवसांनी आहे ना दुसरं, इन्शाल्ला."

खाली उतरल्यावर ते आणखी म्हणाले, "बॅग तुझी तूच काढ. बाकीची पोरं दमलीत."

नवा शर्ट घालून नागेश विमानाच्या पोटात शिरला. आधी मधला कप्पा उघडला. तो झाडून ठेवल्यासारखा रिकामा होता. मग मागच्या कप्प्यात गुडघ्यांवर सरकत, दोनशे बॅगांमधून त्यानं स्वतःची बॅग ओढून काढली. बाहेर त्याचेच सोबती उभे होते. कुणी हसलं नाही, कुणी पुढेही आलं नाही. विमान त्याच्या डोळ्यांसमोर उडालं. आई तिसऱ्या दिवशी गेली.

नागेशनं ते नशीब म्हणून घेतलं. वजनापुढे कुणाचं चालतं?

१९९७ मध्ये लोडशीट करणारा कारकून नोकरी सोडून गेला. खैरुद्दीन साहेबांनी नागेशचं गणित ऐकलं होतं, त्यांनी त्याला त्या खुर्चीवर बसवलं. लोडशीट म्हणजे एक कागद. विमानात माणसं किती, कुठल्या कप्प्यात माल किती, एकूण वजन किती आणि तोल कुठे, हे सगळं त्यावर. कॅप्टननं सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. नागेश चार महिन्यांत तयार झाला. त्याच्या शीटमध्ये एका किलोची चूक निघत नसे. वर्षभरात कॅप्टन लोक कागद न वाचताच सही करू लागले. "मेस्त्रीचा आहे ना? मग झालं."

खुर्चीवर बसला त्याच वर्षी एका दुपारी त्यानं कपाटामागची जुन्या प्रतींची खोकी आवरायला काढली. १६ जून १९९४ चा कागद त्यानं मुद्दाम शोधला. आपण कशामुळे राहिलो ते एकदा आकड्यांत बघावं, एवढाच हेतू. पिवळी कार्बन प्रत निघाली. मधला कप्पा, माल, तीनशे किलो. त्या तीनशे किलोंमुळे विमान नव्वद किलोंनी जास्त भरत होतं. नव्वद किलो म्हणजे एक माणूस आणि त्याची बॅग. खाली सही, शै. पोतनीस.

मधला कप्पा रिकामा होता. नागेशनं तो आपल्या हातांनी उघडला होता.

त्या संध्याकाळी खोलीवर त्यानं लियाकतला कागद दाखवला. लियाकत राजापूरचा, लोडरच, पहिल्या दिवसापासूनचा सोबती.

"खैरुद्दीन साहेबाला दाखव."

"तीन वर्षांपूर्वीचा कागद. आणखी एक समज देतील. मला समज नको आहे."

"मग काय हवंय?"

"एकदा त्याला स्टाफच्या तिकिटावर बसू दे."

लियाकतनं कपाळाला हात लावला. "तो दुबईहून जातो बाबा, पक्क्या तिकिटावर. तू म्हातारा होशील इथं."

"होईन."

नागेश खरंच थांबला. १९९९ मध्ये अबुधाबीला दुप्पट पगाराची नोकरी चालून आली, त्यानं नाही म्हटलं. गावाकडे सांगितलं, इथंच बरं आहे. पिवळा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो रोज खिशात ठेवायचा. पोतनीस समोरून गेले की "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा. इतक्या अदबीनं, की पोतनीस इतरांना सांगत, "बघा, मेस्त्री कसा सुधारला."

जून २००१ मध्ये कंपनीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. तिनं बाकी सगळ्यांना ठेवून घेतलं, पोतनीसांची नोकरी मात्र संपली. साधनाबाई आणि इरा आधीच पुण्याला पोचल्या होत्या. इराचा साखरपुडा १३ जुलैला ठरला होता. पोतनीस शेवटची कागदपत्रं आवरत राहिले आणि शाळांच्या सुट्टीच्या गर्दीत दुबईची सगळी विमानं भरून गेली. हातात उरलं ते स्टाफचं तिकीट. १२ जुलैच्या दुपारी ते मुंबईच्या विमानात मागच्या रांगेत बसले.

पारा सेहेचाळीसवर होता. एवढ्या उन्हात विमानाला कमी वजन उचलता येतं. तरीही नागेशची बेरीज बसत होती. दोनशे दहा किलोंचा वाव उरत होता. पोतनीस आरामात जाऊ शकत होते.

नागेशनं पेन उचललं. चार वर्षांत त्यानं एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. मधल्या कप्प्यासमोर त्यानं लिहिलं, तीनशे. मधलाच कप्पा, कारण तो पंखांच्या जवळ, तिथं तोल फारसा हलत नाही. पोतनीसांनीही तो त्याचसाठी निवडला असणार. माणूस कामात हुशार होता. नव्वद किलो जास्त. एक माणूस आणि त्याची बॅग. ती वजा करून त्यानं कागद पुढे केला आणि कॅप्टननं न वाचता सही केली.

मग नागेश मागच्या रांगेपर्यंत चालत गेला.

"साहेब, चला, उतरा. वजन जास्त झालंय."

पोतनीस हसले. "मला शिकवतोस? शीट दाखव."

"खाली दाखवतो."

खाली लोडर उभे होते. पोतनीसांची बॅग काढायला लियाकत पुढे झाला. नागेशनं त्याला अडवलं. "साहेबांची बॅग साहेब काढतील." मग त्यानं मधल्या कप्प्याचं दार उघडलं. "आधी इथं बघा."

पोतनीस वाकले. "इथं तर काहीच नाही."

"त्या दिवशीही नव्हतं."

नागेशनं दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले, एक पिवळा आणि एक आत्ताचा. पोतनीसांना वाचायला क्षणही लागला नाही. वीस वर्षं तेच वाचत आले होते.

"खोटं शीट केलंस? नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. खैरुद्दीन साहेब वर बसलेत. या घेऊन. पण दोन्ही न्या, एकच नेऊ नका."

पोतनीस जागचे हलले नाहीत. आवाज उतरला. "अरे, त्या खोक्याचा राग होता. तेवढंच. तुझी आई इतकी... मला काय माहीत?"

"मी सांगितलं होतं."

"नागेश, उद्या इराचा साखरपुडा आहे रे."

दहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती.

"चार दिवसांनी आहे ना दुसरं," नागेश म्हणाला, "इन्शाल्ला."

चौपन्न वर्षांचे पोतनीस टायसकट मागच्या कप्प्यात शिरले. नागेश घड्याळ बघत उभा राहिला. अकरा मिनिटं. बाहेर आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि गुडघे काळे झाले होते. लियाकतनं पाण्याची बाटली पुढे केली. नागेशनं ती अडवली नाही. विमान एक खुर्ची रिकामी घेऊन उडालं. पोतनीस वर कुणाकडेही गेले नाहीत. एक कागद दाखवला की दुसऱ्याची गोष्ट निघणार होती. दोन्ही कागदांतला एकही त्यांना दाखवता येण्यासारखा नव्हता.

"झालं? खलास?" लियाकतनं विचारलं.

"खलास."

त्या दिवशी नागेश सुरमईच्या कालवणाबरोबर पोटभर जेवला. वाईट वाटतंय का, हे त्यानं स्वतःला विचारून बघितलं. वाटत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सुट्टीवाल्यांचं पहिलं विमान आलं. सायप्रसचा जुना ओळखीचा कॅप्टन. त्यानं नेहमीसारखं न बघता पेन टेकवलं. नागेशनं कागदावर हात ठेवला.

"आधी बेरीज बघा, कॅप्टन."

"तुझी? कशाला?"

"बघा. माझाही आकडा खोटा निघू शकतो."

कॅप्टनला वाटलं, थट्टा करतोय. पण नागेशचा हात हलेना. शेवटी त्यानं एकेक कप्पा वाचून बेरीज केली. ती बरोबर निघाली. मगच नागेशनं हात उचलला. पुढच्या विमानालाही त्यानं तेच केलं.