पोटखराब

भोसरीच्या शिवारात ज्योतीरामचा खताचा खड्डा म्हणजे गावाची शाळाच होती. शेण, पालापाचोळा आणि चुलीतली राख थरावर थर घालून तो खत कुजवायचा, अन् येईल त्याला रीत शिकवायचा. त्याचं बघून बारा घरांनी खड्डे काढले. मुरमाड रानात वांगी लगडली, पोटामागं पुण्याला गेलेली माणसं माघारी आली.

मग कारखान्यांसाठी सरकारनं सगळं रान घेतलं. मोजणीदार खड्ड्यापाशी नाक दाबून थांबला आणि म्हणाला, "ही पोटखराब." पोटखराब म्हणजे जिथं पीक येत नाही ती जागा.

"रान न्या साहेब, पण हिला खराब लिहू नका," ज्योतीराम म्हणाला.

"बाबा, खड्ड्यात काय पिकतं?"

"खड्ड्यात न्हाई, खड्ड्यानं पिकतं."

मोजणीदार हसला, पण कागदावरचा शब्द तसाच राहिला. बारा घरं पुन्हा पांगली.

पुढं त्याच रानात उभ्या राहिलेल्या कंपनीत ज्योतीराम माळी म्हणून लागला. एकदा मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "बाबा, गुलाब या एकाच कोपऱ्यात एवढा कसा फुलतो?"

"ती जागा पोटखराब हाय साहेब," ज्योतीराम म्हणाला, आणि मान वर न करता पाणी घालत राहिला.