मोर्शीच्या बागेतला फोटो

अमरावतीच्या एका शाळेत नारायण इतिहास शिकवतो. घरात जुनं काही निघालं की सगळे त्याच्याकडेच आणून देतात. म्हणून मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, लग्नाच्या वाढदिवसाला त्या वर्षाचं एक छोटंसं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा ते कामही आपसूक त्याच्याच गळ्यात पडलं. साल ब्याऐंशी. त्या वर्षी घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आणि मार्गशीर्षात दादाचं लग्न वाजत गाजत लागलं. नारायण तेव्हा नऊ वर्षांचा होता.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, लोखंडी पेटीतून फोटो आणि पत्रं निघाली. आबा वकील. कागद टाकून देणं त्यांना माहीतच नव्हतं. जेवणाच्या टेबलावर नारायणने सगळं पसरलं आणि त्याची मुलगी अदिती एकेक फोटो तारखेप्रमाणे लावायला बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, सिंधूआत्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही. वास्तुशांतीतही नाही."

"ती त्या वर्षी मोर्शीला होती, मामाकडे. शिकायला."

घरात हेच सांगत आले होते. पुरावाही होता. संत्र्याच्या बागेत उभी असलेली एकोणीस वर्षांची सिंधू, शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी आणि डोक्याला फेटा बांधलेला एक माणूस. फोटोच्या पाठीमागे 'मोर्शी' एवढंच लिहिलेलं. नारायणने त्याखाली ओळ लिहून टाकली, 'मामाच्या बागेत सिंधूताई'.

पत्रं हाती लागली ती दुसऱ्या दिवशी. तीन निळी अंतर्देशीय पत्रं, अक्षर सिंधूताईचं, शिक्का परतवाड्याचा. परतवाड्याजवळच्या क्षयाच्या दवाखान्यातून तिने ती लिहिली होती. पहिल्यात इंजेक्शनं, दुसऱ्यात वजन वाढल्याची बातमी. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'माझी थुंकी आता साफ आली आहे. डॉक्टर घरी जा म्हणतात. दादाच्या लग्नाला मला न्यायला कोण येणार?'

नारायणने पत्रं पुन्हा घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवली. मामाकडे बाग कधीच नव्हती, हेही त्याला त्याच वेळी आठवलं. तरी फोटोखालची ओळ त्याने तशीच राहू दिली. समारंभाला दादाच्या सासरची सगळी मंडळी येणार होती. लग्नाच्या वेळी जे झाकलं ते आता चव्हाट्यावर कशाला आणायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण ताईने पुस्तक एकदा नजरेखालून घातलं की आपली जबाबदारी संपली, असंही मनात होतं. रविवारी पुस्तकाची कच्ची पानं घेऊन, बडनेऱ्याहून गाडी पकडून तो अकोल्याला तिच्याकडे गेला.

सिंधूताई जठारपेठेत दोन खोल्यांत एकटीच राहते. सगळी नोकरी तिने सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली. घरची शाळकरी मराठी वॉर्डांत कधीच सुटली आणि बोलणं पक्कं वऱ्हाडी झालं. तो गेला तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात पुसून तिने पानं चाळली, आणि बागेतल्या फोटोपाशी थांबली.

"हे तूच लिहिलं?"

"हो."

"तुले माहीत नव्हतं का रे, मी कुठं होती ते?"

खरं सांगायची वेळ ती होती. नारायण म्हणाला, "नाही."

"बरोबर आहे. तू लहान होता. तुले कोण सांगन?" तिने चष्मा काढून ठेवला. "मग आता आईक."

आणि ती सांगत बसली. चैत्रात खोकल्यातून रक्त पडलं, आबांनी परतवाड्याला नेऊन ठेवलं. शेजारच्या खाटेवर मोर्शीकडची सुभद्रा. तिचे वडील भगवंतराव, घरची शेती, दर आठवड्याला एसटीने यायचे आणि येताना जे आणतील ते दोघींना सारखं वाटून द्यायचे. दिवाळीआधी दोघींनाही सोडलं. आबांचा निरोप आला की लग्न होऊन जाऊ दे, तोवर तिथंच राहा.

"भगवंतराव सुभद्राले न्यायले आले तं मी वऱ्हांड्यात बसून होती. म्हणे, बाप नाई आला तं काय झालं पोरी, मी आहो ना, चाल. हा फोटो त्यांच्याच बागेतला. लग्न होईस्तोवर मी तिथंच होती. मंग आबा आले न्यायले. मीच नाई गेली. दवाखान्यातल्या मेट्रनबाईनं नर्सिंगचा फॉर्म भरून देला."

त्याला यातलं काहीच माहीत नाही असं धरून ती इतक्या भरवशाने सांगत होती, की मध्येच थांबून विचारायची, "समजून राहिलं ना तुले?" नारायण मान हलवत होता. तिच्या वाक्यागणिक त्याची मान आणखी खाली जात होती. शेवटी ती चहा ठेवायला उठली तेव्हा तिच्या पाठीकडे पाहत तो म्हणाला, "ताई, मला माहीत होतं. तुझी पत्रं वाचली मी. वाचूनही हे तसंच ठेवलं."

ती वळली. "पत्रं ठेवली आबांनी?"

"तिन्ही आहेत."

"मले वाटे, चुलीत घातली असतीन." तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "अन् तू काहून लपवून राहिला?"

"दादाच्या सासरचे लोक येतील. वहिनीला काय वाटेल..."

"वयनीले पहिल्या बाळंतपणातच सांगतलं मी. तिची सुईण मीच होती, तिच्यापाशी खोटं कसं बोलू? ती म्हणे, मग लग्नात काहून नाई आल्या? मी काय सांगू तिले?"

ताई रागावली असती तर नारायणला बरं वाटलं असतं. तिने चहा गाळला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. त्याला तो उचलवेना.

"त्या बापलेकीची दोघांची नावं लिह," ती म्हणाली. "सुभद्रा आहे अजून. तिले एक पुस्तक पाठव."

नारायणने ते पान नव्याने लिहिलं. दवाखाना लिहिला, भगवंतराव आणि सुभद्रा लिहिले, आबांचा निरोपही लिहिला. छापण्याआधी त्याने ते दादाला दाखवलं. दादाने वाचलं, पान परत दिलं आणि म्हणाला, "असू दे."

समारंभात पुस्तक हातोहात फिरलं. वहिनीच्या भावाने नारायणच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हटलं, "गुरुजी, असं घरचं खरं लिहायला हिंमत लागते."

"माझी हिंमत नाही ती," नारायण म्हणाला. "पहिल्यांदा मी खोटंच लिहिलं होतं."

लोक हसले. मोठेपणा घेत नाही बघा, असं कोणीतरी म्हणालं. सिंधूताई पलीकडेच बसली होती. तिने ऐकलं, पण ती हसली नाही. नारायण वाढायला म्हणून आत निघून गेला.