सुपारी फोडण्याआधी विचारलेला शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या हसनाबादेत तेव्हा इंग्रजी येणारा मी एकटा. म्हणून माझ्या चुलत बहिणीला, काशीला, पाहायला पाहुणे आले तेव्हा काकांनी मला मुद्दाम जवळ बसवलं. मुलगा हैदराबादेकडं, गोऱ्या पलटणीला बिअर पुरवणाऱ्या कारखान्यात होता. काय काम करता, असं मी विचारलं — इंग्रजीतून, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. माझं वाक्य चुकलं. त्यानं ते हसून, अगदी सहज दुरुस्त केलं आणि म्हणाला, "ब्रुअर आहे." दारातली पोरं खिदळली.

एवढंच. एवढंच झालं होतं.

फराळ उरकून पाहुणे हात धुवायला अंगणात गेले. तबकात सुपारी मांडलेली. ती फोडली की सोयरीक पक्की. काका माझ्या कानाशी आले. "बापू, ब्रुअर म्हंजी काय रे? बराबर सांग, पोरीचा सवाल हाय."

मला माहीत नव्हतं का? होतं. जव भिजवून, शिजवून, आंबवून बिअर करणारा जाणकार; परवान्याचं, पगाराचं काम. आमच्या बोलीत त्याला शब्द नव्हता — पण समजावून सांगता आलं असतं. दोन वाक्यं लागली असती.

मी म्हणालो, "दारू गाळणारा."

आमच्याकडं दारू गाळणारा म्हणजे कोण? ओढ्याच्या कपारीत चोरून मोहाची भट्टी लावणारा. आबकारीचे जवान दोरी बांधून नेतात, तो. हे मला ठाऊक होतं. मला कुणी खोटं ठरवू शकणार नाही, हेही.

काकांनी तबकावर रुमाल टाकला. मुलगा ओले हात पुसत आत आला. त्यानं तबकाकडं पाहिलं, आणि मग — माझ्याकडं. दुसऱ्या कुणाकडंच नाही.

काशीला पुढं भोकरदनच्या एका बिजवराला दिली.

दर भाऊबीजेला ती मला ओवाळायला येते. यंदा ताट धरलेल्या मनगटावर काळानिळा वळ होता. मी तो पाहिला, हे तिच्या लक्षात आलं. पदर ओढून घेत म्हणाली, "हात उठतो कधी कधी. पन दारूला शिवत न्हाईत, दादा. तू होतास म्हनून त्या दारूवाल्याच्या घरात न्हाई पडले."

मी मान पुढं केली. तिनं टिळा लावला.