भैय्याजींच्या व्हरांड्यातील मुलाखती

प्रताप नगरातील भैय्याजींच्या व्हरांड्यात दर उन्हाळ्यात एक आगळे विद्यादान चालते. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले हे सद्गृहस्थ वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींची तालीम घेतात. उत्तर रंगात आले, की फाटकासमोरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून ते विद्यार्थ्यासमोर आणून बसवतात. भैय्याजी उमरेडच्या विणकर कुटुंबातले. बालपणी मागावर बसले असता कोणी पाहायला आले, की त्यांचा हात अडखळे आणि धागा तुटे. परक्या दृष्टीचे भय त्यांना तेव्हापासून परिचित आहे.

या पाठशाळेचा एक नियम अलंघ्य. आलेल्याला प्रथम पाणी द्यायचे, आणि ते विद्यार्थ्यानेच. नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला कोरड्या घशाने बसवून ठेवणे भैय्याजींच्या लेखी अधर्म.

गेल्या वर्षी त्याच वस्तीत खोली घेऊन राहणारी मौद्याची मोनाली त्यांच्याकडे येऊ लागली. ती परिचारिका. एका वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, ही तिची उत्कट इच्छा. गुण उत्तम होते; परंतु आदल्या खेपेस मुलाखत चालू असताना एक निरीक्षक अकस्मात येऊन बसले, हिची वाचाच बसली आणि प्रवेश हुकला. वयोमर्यादेमुळे आता ही शेवटची संधी होती.

पहिल्याच दिवशी भाजीवाली कौसल्या समोर बसताच मोनाली वाक्याच्या मध्येच थबकली.

"काहून थांबली वं?" भैय्याजींनी विचारले.

"भैय्याजी, ह्या मले पाहून राहिल्या ना!"

"पाहतीनच! तुले का झाकून ठेवू?"

कौसल्या पदराने घाम पुसत म्हणाली, "वांग्याचा भाव करताना तर मोठं तोंड चालते तुहं! आता काय झालं वं?"

मोनालीला हसू फुटले. उठून तिने पाणी दिले आणि तुटलेले वाक्य पुन्हा जोडले. मग पोस्टमन आले, गॅसवाला आला, समोरच्या सिंधूताई तर रोजच येऊ लागल्या. उठणे, पाणी देणे आणि पुढे बोलणे हे तिच्या अंगवळणी पडले.

मुलाखतीच्या दिवशी निवड समितीच्या प्रमुखांनी विचारले, "गावातले लोक लसीकरणाला येत नसतील, तर आपण काय कराल?" मोनालीने उत्तराला आरंभ केला, इतक्यात दार उघडून एक वयस्क बाई आत आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. कोणी त्यांची ओळख करून दिली नाही. मोनालीचे वाक्य तुटले. पाय मात्र आपोआप उठले. मेजावरच्या तांब्यातले पाणी पेल्यात ओतून तिने त्या बाईंपुढे धरले.

"आपण मुलाखतीला आला आहात," प्रमुख चकित होऊन म्हणाले.

तिचे कान तापले. "क्षमा करा, सर. बाहेर ऊन फार आहे."

बाईंनी पेला एका दमात रिकामा केला. "खरोखरच तहान लागली होती. बोल, बाळ."

खुर्चीवर बसून मोनालीने तुटलेले वाक्य पुन्हा जोडले. ती म्हणाली, "मी आधी न आलेल्यांच्या घरी जाऊन बसेन आणि त्यांची अडचण ऐकेन."

"आणि त्यांनी दार उघडलेच नाही तर?"

"दुसऱ्या दिवशी परत जाईन, सर. मौद्यात परिचारिका असताना मी तेच केले आहे."

सायंकाळी हा वृत्तान्त ऐकून भैय्याजींनी कपाळाला हात लावला. "अवं पोरी, तो नियम माह्या घरचा होता! तिथं काहून उठली?"

"तुम्हीच सवय लावली! नसती उठली, तर या खेपेलेही मुकीच बसली असती."

निवड झाल्यावर मोनाली पेढे घेऊन आली. व्हरांड्यात सुशील नावाचा नवा विद्यार्थी घामाघूम होऊन उत्तर देत होता. भैय्याजींनी तिला पाहुण्याच्या खुर्चीवर बसवले आणि त्याला म्हणाले, "पाहा गा, ह्या तुह्या निरीक्षक."

सुशीलचे वाक्य तुटले. मोनालीने गंभीर चेहरा करून हात पुढे केला.

"आधी पाणी," ती म्हणाली.